बकरी घरी आली का?

नोकरीची पहिली काही वर्षं मी साक्रीपलीकडच्या एका डोंगरी गावात शिकवत होते. माझं माहेर पाचोऱ्याचं, बोलणं पुस्तकी. मुलं घरी अहिराणी बोलत, ‘आहे’ला ‘शे’ म्हणत. पुस्तकातल्या ‘आहे’पाशी सगळी अडखळत.

दुसरीत एक मुलगी होती. अक्षरं ओळखायची, पण वाक्य आलं की गप्प. एक दिवस मी फळ्यावर लिहिलं, ‘बकरी शे.’ तिनं घडाघडा वाचलं आणि हसतच उठली.

“बाई, हाई ते आमनी बोली शे!”

त्यानंतर तिला थांबवणं कठीण झालं. शाळेच्या पत्र्याच्या पेटीत गोष्टींची थोडी पुस्तकं होती. खराब होतील म्हणून पूर्वी ती कुलपात असत. मी पेटी उघडी ठेवू लागले. ती पुस्तक घरी नेई आणि संध्याकाळी आई भाकरी थापत असताना चुलीपाशी बसून वाचून दाखवी. आईला अक्षर येत नव्हतं. मराठी वाक्य वाचायचं, मग ते अहिराणीत सांगायचं, अशी तिची रीत होती.

तिसरीत असताना भादव्यात तिला ताप चढला. नाल्याला पूर होता, गाडी येईना. पाणी ओसरल्यावर तिला बैलगाडीतून साक्रीच्या दवाखान्यात न्यायला निघाले, पण वाटेतच ती गेली.

तिच्या बाकावर कोणी बसेना. मीही कोणाला बस म्हटलं नाही.

काही दिवसांनी दुपारी तिची आई शाळेत आली. पदरात गुंडाळून पुस्तक आणलं होतं. मला वाटलं, परत करायला आली असेल. पण ती ते हातातून सोडेना.

“बाई, ती बाजारमा दवडेल बकरी घर वनी का नही? पोरनी सांगंच नही.”

बाजारात हरवलेल्या बकरीची ती गोष्ट मुलीची अर्धीच वाचून झाली होती. मी तिला आत बसवलं, पुस्तक घेतलं आणि उरलेली पानं वाचू लागले. मुलीसारखं अहिराणीत सांगायला गेले तर शब्द चुकत होते. आई ते हळूच दुरुस्त करत होती. शेवटी बकरी घरी पोचते, कुडाशी उभी राहून ओरडते.

तिनं डोळे पुसले. “बरं व्हयनं. घर ते वनी.”

पुस्तक राहू द्या म्हटलं, तर तिनं मान हलवली. घरात वाचणारं कोणी नाही, म्हणाली. पेटीत स्वतःच्या हातानं ठेवून गेली.

दिवाळीनंतर ते कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत गेलं, ते परतलं नाही. पुढे माझी बदली जळगावला झाली. वर्गात मी गोष्टी वाचत राहिले, पण अर्धी गोष्ट उद्यावर ठेवून मुलांना घरी पाठवणं मला पुन्हा कधी जमलं नाही.