चालू गाडीचं तेल

“कमी हाय म्हंजे कमी हाय,” बनुबाई पुन्हा म्हणाली. “पट्टी कितीबी येळा पुसा.”

हंबीररावांनी पट्टी पुन्हा पुसली. बॉनेटखाली वाकून ती गिअरबॉक्सच्या नळीत घातली, बाहेर काढली आणि बायकोच्या नाकासमोर धरली. लाल तेल वरच्या खुणेच्याही वर चढलं होतं.

“डोळं हायत का कवड्या?” ते म्हणाले.

“बंद गाडीत भरलेलंच दिसतंय. ते मलाबी दिसतंय. मी चालू गाडीचं बोलतीया.”

“चालू गाडीचं तेल बघत्यात व्हय? कुणी शिकवलं? तुझ्या बानं?”

तिचा बाप जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण या घरात तो भांडणापुरता जिवंत होता. बनुबाईनं पदर खोचला. ओट्यावर धाकटा दीर लालासाहेब राखुंडीनं दात घासत बसला होता. त्याचे दात केव्हाच घासून झाले असणार, पण बोट अजून तोंडातच होतं. तो ऐकायला बसलेला असला की नवराबायको दोघांचाही आवाज चढायचा.

हंबीरराव सैन्यात ड्रायव्हर होते. भटिंडा, तेजपूर, लेह अशा ठिकाणी त्यांनी ट्रक चालवले, आणि तेवढी सगळी वर्षं बनुबाईनं आष्ट्याजवळच्या या मळ्यात एकटीनं विहिरीवरची मोटार चालू-बंद केली, पाण्याची दारं धरली, म्हशींची वेतं काढली. मग एका घाटात जॅक निसटला आणि हंबीररावांचा डावा गुडघा ट्रकखाली सापडला. तो पुन्हा नीट वाकला नाही. पेन्शन घेऊन ते घरी आले तेव्हा क्लच दाबायचा पाय उरला नव्हता. वर्षभर ओट्यावर बसून त्यांनी माणसांना आणि जनावरांना एकाच आवाजात हुकूम सोडले. म्हशींनी ते मनावर घेतले नाहीत. बाकीच्यांनी घेतले.

त्याच सुमाराला शिरवळला एका परदेशी कंपनीनं आपलं काम आवरलं आणि गाड्या लिलावात काढल्या. त्यात एक जपानी पिकअप होती. तिला क्लचच नव्हता. दोन पेडल, आणि गिअर आपोआप पडायचे. म्हणून कुणी बोली लावेना. क्लच नाही ती गाडी कसली, पाळणा आहे, असं लोक म्हणाले. हंबीररावांनी तो पाळणा घेतला आणि डावा पाय लांब सोडून शिरवळपासून घरापर्यंत स्वतः चालवत आणला. त्या दिवशी ते घरात आले आणि कुणावरही ओरडले नाहीत.

गाडी आली तशी बनुबाईची वांगीही सांगलीला निघाली. त्याआधी मळ्यातला माल दुसऱ्याच्या टेंपोतून आडत्याकडे जायचा आणि आडत्या सांगेल तो भाव मुकाट्यानं घ्यायचा. आता ती स्वतः मंडईत जाऊन बसू लागली. पोतं अंथरण्याएवढी जागा, एका बाजूला मेथीवाली, दुसऱ्या बाजूला लिंबं. खानावळवाले येऊन तिच्याकडची वांगी दाबून बघत आणि न बोलता पिशवी पुढं करत. तिथं ती कुणाची बायको नव्हती, कुणाची वहिनी नव्हती. मावशी होती, आणि मावशीनं एकदा भाव सांगितला की सांगितला.

लालासाहेबाला हे पहिल्यापासून खुपत होतं. घरातल्या बाईनं बाजारात बसावं हे मराठ्याच्या घराला शोभत नाही, असं तो म्हणे. खरं कारण वेगळं होतं. त्याला डिझेलचा टेंपो हवा होता, स्वतःच्या हातात. माल आडत्याकडे टाकायचा, आणि परतताना आष्ट्याच्या चौकात टेंपो उभा करून पान खायचं. त्यासाठी ही गाडी विकायला हवी होती. आष्ट्याचा दलाल आप्पासो त्यानं कधीचा बोलून ठेवला होता. गाडी गेली की मंडईतली जागा गेली, हे बनुबाईला कुणी समजावून सांगायला नको होतं.

आणि गाडी आता जायच्याच बेतात होती.

गाडीला तसा दोष नव्हता. दोष परेडीचा होता. सैन्यात रोज सकाळी गाडी थंड असताना, इंजिन बंद ठेवून, सगळं तपासायचं असतं. पाणी, तेल, बॅटरी, टायर. हंबीररावांनी ती रीत घरी आणली. या गाडीला तेलाच्या दोन पट्ट्या होत्या, एक इंजिनाची आणि एक गिअरबॉक्सची. गाडीबरोबर आलेलं पुस्तक जपानी लिपीतलं, त्यातली चित्रंही कुणाला उमगली नाहीत. मग त्यांनी दोन्ही पट्ट्या एकाच शिस्तीत लावल्या. दुसरीवर तेल रोज खुणेच्या वर दिसे. जादा तेल म्हणजे सील फुटणार, हे त्यांना ठाऊक होतं. ते गाडीखाली आडवे होत आणि थोडं तेल काढून टाकत. पुन्हा वर दिसलं की पुन्हा काढत.

काही दिवसांनी गाडी चढाला कच खाऊ लागली. इंजिन रेकायचं आणि चाकं जागेवर. सांगलीच्या पुलाच्या चढावर तर ती पार अडली. करपल्याचा वास सुटला, मागून ट्रकवाले हॉर्न मारू लागले. हंबीररावांनी बनुबाईला खाली उतरवलं. तुझ्या वांग्यांनी गाडीचा जीव घेतला, असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ते म्हणाले आणि हलकी झालेली गाडी घेऊन पुढं गेले. बनुबाई पूल चालत ओलांडून गेली. मेथीवाली त्याच वेळी एका टेंपोतून चालली होती. तिनं हात केला. बनुबाईनं बघून न बघितल्यासारखं केलं.

मग हंबीररावांनी तेल बदलायचं ठरवलं. गिअरबॉक्सच्या बुडाला परातीसारखा एक पत्रा बोल्टांनी आवळलेला असतो. तो त्यांनी एका अंगानं ढिला केला, तसं थोडं तेल बदकन खाली ठेवलेल्या घमेल्यात पडलं आणि बाकीचं त्यांच्या कोपरातून बगलेत शिरलं. नवं असताना लाल असतं म्हणे. निघालं ते काकवीसारखं, आणि कढईत फोडणी जळावी तसा वास. त्यांनी बनुबाईचं दुधाचं माप न विचारता उचललं आणि निघालेलं तेल मापून घेतलं. जेवढं काढलं तेवढंच घालायचं, थेंब जास्त नाही, थेंब कमी नाही. सांगलीहून आणलेलं नवं तेल त्यांनी त्याच मापानं घातलं. डब्यात उरलेलं तेल जपून माडीवर ठेवलं.

माप बनुबाईनं राखेनं घासलं, ताकानं घासलं, चिंचेनं घासलं. दुधाला वास येतच राहिला. शेवटी माप उकिरड्यावर गेलं. त्यावरून एक भांडण झालं, ते वेगळं.

इतकं करून गाडी पुन्हा कच खाऊ लागली. हंबीररावांना मात्र आता बळ आलं होतं. तेल नवं, माप बरोबर, मग दोष कुणाचा? वांग्यांचा, आणि वांगीवालीचा. ते जेवताना म्हणत, म्हशीला पाणी दाखवताना म्हणत, पाहुण्यांसमोर म्हणत. लालासाहेब मान डोलावे आणि आप्पासोची आठवण काढे.

परवा सांगलीच्या अलीकडे हंबीरराव लघवीला उतरले. स्टार्टर कुरकुरत होता म्हणून त्यांनी गाडी चालूच ठेवली आणि गरम झालीय म्हणून बॉनेट उघडं टाकलं. बनुबाई उतरून पुढं आली. ज्या तेलापायी आपलं दुधाचं माप गेलं ते नवं असताना दिसतं तरी कसं, एवढंच तिला बघायचं होतं. तिनं दुसरी पट्टी ओढली. पट्टीचं नुसतं टोक ओलं होतं. तिनं ती पदराला पुसली, पुन्हा घातली, पुन्हा ओढली. टोकच. सकाळी तर नवऱ्यानं ती भरलेली दाखवली होती. तिनं पट्टी जागच्या जागी घातली आणि गाडीत जाऊन बसली.

मंडईत गिऱ्हाइकाला वांगी तोलताना तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मळ्यातली मोटार बंद केली की पायपातलं पाणी माघारी विहिरीत येतं. त्या वेळी विहिरीत डोकावलं तर पाणी आहे त्यापेक्षा वर दिसतं. मोटार चालू असताना बघावं, म्हणजे विहिरीत खरं किती आहे ते कळतं. इतकी वर्षं तिनं ते पाणी बघितलं होतं. गाडीतलं तेलही तसंच बुडाला येऊन बसत असणार आणि नवऱ्याला रोज सकाळी खोटं सांगत असणार. पुरेसं होतं ते जादा समजून त्यांनी काढून टाकलं. बदलतानाही ते कमी झालेलंच माप धरून तेवढंच परत घातलं, थेंब जास्त नाही.

येताना गाडीत तिनं ते पोटातच ठेवलं. एकट्याला सांगितलं असतं तर त्यांनी खेकसून का होईना, ऐकलं असतं, हे तिला ठाऊक होतं. पण पुलावरून तिला चालवलं होतं ते काही एकांतात नव्हतं.

म्हणून ती आज अंगणात उभी होती, लालासाहेब ओट्यावर असताना.

“मोटार बंद केल्यावर हिरीत डोकवायचं आन् पानी भरपूर हाय म्हनायचं,” ती म्हणाली. “तसली परेड तुमची.”

“तू मला गाडी शिकवू नगंस,” पट्टी परत नळीत घालत ते म्हणाले.

बनुबाई घरात गेली आणि खिळ्यावरची किल्ली घेऊन आली. हंबीरराव काही म्हणायच्या आत ती केबिनमध्ये चढली होती. शेजारी बसून बसून तिला सगळं पाठ झालेलं. ब्रेकवर पाय, किल्ली. गाडी कुरकुरली आणि सुरू झाली. नवरा करतो तसा तिनं दांडा एकेका खाचेतून खाली नेला, परत वर आणून ठेवला, थोडा वेळ इंजिन तापू दिलं आणि खाली उतरली.

“वडा आता पट्टी,” ती म्हणाली.

हंबीरराव हलले नाहीत. तिनं स्वतः पट्टी ओढली, त्यांच्याच हातातल्या फडक्यानं पुसली, घालून पुन्हा काढली. मग नवऱ्याला ओलांडून ती ओट्यापाशी गेली आणि पहिल्यांदा लालासाहेबाला दाखवली.

पट्टीचं टोक तेवढं लाल होतं.

लालासाहेबानं चूळ भरली, सावकाश थुंकली आणि हसला. “दादा,” तो म्हणाला, “सरकारनं पेन्शन दिली ती गुडघ्याची का डोक्याची रं?”

हंबीररावांनी फडकं मडगार्डवर ठेवलं. चालू गाडी सोडून ते कधी दहा पावलांपलीकडे गेले नव्हते. आज गेले. पाय ओढत मळ्याच्या वाटेला लागले आणि वळून बघितलं नाही.

“लय ब्येस केलंसा, वैनी,” लालासाहेब म्हणाला. “आता आप्पासोला सांगतो, गिअरबॉक्स जळलाय म्हनून. दादाचाबी जीव उडाला गाडीवरनं. आठवड्यात टेंपो दारात.”

बनुबाई पट्टी हातात घेऊन उभी राहिली. नवऱ्याचं नाक कापायला काढलेला विळा दिरानं आयता उचलला होता, आणि तो तिच्याच मानेवर येणार होता. तिला नवऱ्याची कीव आली असं नाही. राग होता तेवढाच होता. फक्त त्यात आता आणखी एक वाटेकरी आला.

“भावजी,” ती म्हणाली, “दात घासून झालं आसतील तर म्हशीकडं बघा. का तिलाबी आप्पासोच पानी दावनार हाय?”

ती माडीवरून उरलेल्या तेलाचा डबा घेऊन आली. नरसाळं बारीक तोंडाचं होतं, तेल संथ उतरत होतं, आणि गरम इंजिनाची धग तोंडावर येत होती. थोडं घालायचं, पट्टी बघायची, पुन्हा थोडं. किती लागेल ते तिला माहीत नव्हतं. तेल दोन खुणांच्या मधे आलं तशी ती थांबली. मग केबिनमध्ये चढून तिनं दांडा खाली ओढला आणि ब्रेकवरचा पाय उचलला. चाकापुढं हंबीरराव रोज लावायचे तो दगड तसाच होता. गाडी रेकली नाही, थांबलीही नाही. सरळ दगडावर चढून पलीकडे उतरली आणि कोंबड्या ओरडत पळाल्या. बनुबाईनं घाबरून ब्रेक दाबला.  मग दांडा परत वर ठेवून तिनं किल्ली फिरवली आणि खाली उतरली.

दुपारी दोघे भाऊ जेवायला बसले. धाकटी जाऊ चुलीपुढं भाकरी थापत होती, बनुबाई वाढत होती. हंबीररावांनी अंगणातून येताना गाडी दगडाच्या पुढं गेलेली बघितली असणार.  अर्धी भाकरी त्यांनी तशीच संपवली. मग ताटाकडे बघत म्हणाले, “लाला, आप्पासोला बोलीव. गाडी द्यायची.”

लालासाहेबानं मान न उचलता बरं म्हटलं. त्याला हसू लपवायचं होतं.

बनुबाईनं नवऱ्याच्या ताटात वांग्याचं कालवण वाढलं, दिराच्या ताटात वाढलं, पातेलं खाली ठेवलं.

“गाडी द्यायची न्हाई,” ती म्हणाली. “उद्या माल सांगलीला जानार. गाडी हेच चालवनार. तेल हितनं फुडं मी बघनार, गाडी चालू ठिवून, समद्यांच्या म्होरं.”