नंबर न मोडता वाढवलेले दोन प्रोसेसर

गेल्या रविवारी देवबागला भर सकाळी होड्यांची रांगच अडकली होती...

आमच्याकडे पर्यटकांना नदी-समुद्राच्या संगमावर फिरवणाऱ्या होड्या नंबराने सुटतात. ज्याचा नंबर, त्याचंच गिऱ्हाईक. मग होडी नवी असो वा जुनी. पूर्वी यावरून किनाऱ्यावर भांडणं व्हायची, म्हणून होडीवाल्यांच्या समितीने नंबर कॉम्प्युटरवर घेतले. तो कॉम्प्युटर मी सांभाळतो. डिप्लोमा मी अर्धवट सोडला, जे शिकलो ते मोबाईलवर व्हिडिओ बघून... त्यामुळे काहीतरी चुकेल ही भीती कायम सोबत असते.

खरा कॉम्प्युटर एकच आहे, पण त्याच्या पोटात दोन आभासी मशीन चालतात. एक ऑफिसच्या हिशेबाचं, दुसरं होड्यांच्या नंबरांचं. खऱ्या प्रोसेसरमधला वाटा दोघांना दिलेला असतो. नंबरांच्या मशीनला मी दोन प्रोसेसर दिले होते.

त्या दिवशी जोडून सुट्ट्या आल्या होत्या आणि जो तो मोबाईलवरून बुकिंग करत होता. बघता बघता मशीन गुदमरलं. स्क्रीनवरचा नंबर पुढे सरकेना...

"बंद करून चालू कर मरे!" समितीचे अध्यक्ष बाबलकाका ओरडले.

नेमकं तेच करायचं नव्हतं. आमचा प्रोग्रॅम जुना आहे. बंद केला की तो रांग विसरतो आणि पहिल्या होडीपासून पुन्हा सुरू करतो. पुढचा नंबर होता रुक्मिणीकाकूंचा. इंजिन बिघडल्यामुळे त्यांची होडी बरेच दिवस वाळूत पडून होती, ती आदल्या दिवशीच पाण्यात उतरली होती आणि यादीत सगळ्यात शेवटी नोंदवली होती. रांग पहिल्यापासून सुरू झाली असती तर काकू थेट शेवटी गेल्या असत्या, आणि तो दिवसही रिकामाच गेला असता.

काकू ऑफिसच्या दारातच उभ्या होत्या. "माझो नंबर गेलो तर तुझ्याच दारात येवन बसतलंय हां. जेवणासकट!"

मी म्हटलं, "काका, मी बंद करूचंय नाय."

"डिप्लोमा अर्धो सोडलंस, नि शाणपण आमका शिकवतंस?"

सगळे हसले. एरवी मी तिथेच गप्प बसलो असतो... पण मशीन बनवताना मी प्रोसेसरची कमाल मर्यादा चार ठेवली होती. म्हणजे मशीन चालू असतानाच आणखी दोन देता येणार होते. स्क्रीनवर कमांडची काळी खिडकी उघडली, प्रोसेसर वाढवायची कमांड लिहिली. एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं, मगच एंटर दाबलं.

कमांड बिनचूक गेली. तरीही स्क्रीन ढिम्म...

"झाला?" काकांनी विचारलं. मी मान हलवली, नाही. काका स्वतःच बटणाकडे निघाले. मी खुर्ची सरकवून मधे बसलो. आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्या माणसाची वाट अडवली असेल!

ठरवलं, अंदाजाने काही करायचं नाही. आधी बघायचं. नंबरांच्या मशीनच्या आत शिरलो आणि प्रोसेसरची माहिती मागवली. चार दिसत होते, पण त्यातल्या दोघांपुढे लिहिलं होतं, ऑफलाइन! बाहेरून मी प्रोसेसर दिले होते, पण आतल्या मशीनने त्यांना कामालाच लावलं नव्हतं. हे काम आत जाऊन वेगळं करावं लागतं, आणि मी ते कधी केलंच नव्हतं. मोजणी शून्यापासून असते, म्हणून त्या दोघांचे क्रमांक २ आणि ३; ते पुन्हा तपासले आणि त्यांना चालू करायची कमांड लिहिली:

chcpu -e 2,3

दोन्ही चालू झाले. अडकलेली बुकिंग भराभर निघायला लागली आणि स्क्रीनवर काकूंच्या होडीचं नाव आलं. रांग जशीच्या तशी होती. काकांनी बाहेर जाऊन काकूंच्या नावाने जोरात हाळी दिली.

फेरी मारून आल्यावर काकू परत ऑफिसात डोकावल्या. "माका तुझो तो कंपूटर काय कळणा नाय बाबा. पण तू काकांका नाय म्हटलंस, ता बरा कळला."

चालू मशीनला नवे प्रोसेसर दिले की ते आपोआप कामाला लागतील, अशी सोय आता मी करून ठेवली आहे. भीती काही गेलेली नाही... पण भीत भीतसुद्धा ठाम राहता येतं, हे त्या दिवशी मला कळलं. काकू, तुमचे आभार.