चार फुलांचा गुच्छ

मॉस्कोच्या लष्करी संघाचं नुसतं नाव काढलं तरी गेनोवाइतेला किळस यायची. मॉस्कोच्याच अमलाखालच्या कौनस शहरात, बास्केटबॉलच्या क्रीडागृहात तिसऱ्या रांगेत तीस वर्षं बसलेली बाई ती. आपली पोरं जिवाचं रान करणार, आणि हे लोक देशभरातला जो उंच, तयार पोरगा दिसेल त्याला सक्तीच्या सैन्यभरतीची चिठ्ठी धाडून आपल्या संघात ओढणार. असं जिंकायला कसली अक्कल लागते? गेल्या वर्षी त्यांनी तिच्याच इमारतीतल्या गिंतासला उचललं. बंदूक कसली धरतोय तो! चेंडूच खेळतोय, फक्त उलट्या बाजूने.

आज त्यांना हरवलं की विजेतेपद आपलं. इतक्या जवळ संघ कित्येक वर्षांत आला नव्हता.

सामन्याआधी पाहुण्या खेळाडूंना द्यायचे गुच्छ दरवेळी गेनोवाइतेच बांधायची. प्रत्येकी पाच कार्नेशनची फुलं. दुपारी ती बांधत असताना चाहत्यांचा म्होरक्या स्टासिस आला.

"गिंतासच्या गुच्छातलं एक काढ."

"चार? चार फुलं थडग्यावर ठेवतात, स्टासिस."

"मग? आपल्याला तो मेलाच. जरा हात थरथरू देत त्याचे."

"अरे, ओढून नेलाय त्याला. आपण होऊन गेला का तो?"

"बांध मग पाच. त्यांच्यापुढे सरळ खेळून आपण कधी जिंकलोय, सांग ना? आणि हरलो की माझ्यापुढे डोळे पुसत येऊ नकोस."

त्याच्या तोंडाला बिअरचा वास येत होता. काय हलकट माणूस, तिच्या मनात आलं. आणि तो गेल्यावर तिने एक फूल उपसून कचऱ्याच्या बादलीत टाकलं. जिंकायचं होतं तिला. इतकं जिंकायचं होतं की स्वतःची लाजही वाटली नाही.

संध्याकाळी गिंतासची आई मोर्ता नेहमीसारखी शेजारी येऊन बसली. लेक समोरून खेळणार, तरी गळ्यात आपल्याच संघाचा हिरवा रुमाल.

स्वागताला उभ्या मुलींनी ज्याचा त्याला गुच्छ दिला. इथे वाढलेलं माणूस फुलं न मोजता हातात घेत नाही. गिंतासने अंगठ्याने देठ सारले, पुन्हा सारले, आणि मान वर करून तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. गुच्छ कोण बांधतं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

तो वाईट खेळला. शेवटच्या क्षणी त्याला बास्केटवर दोन मोकळ्या फेकी मिळाल्या, दोन्ही कडीवर आपटल्या. आपण एका गुणाने जिंकलो. छप्पर उडेल असा गलका झाला. स्टासिसने धावत येऊन गेनोवाइतेच्या गालाचा मुका घेतला. तिने बाहीने गाल खसाखसा पुसला, पण किळस गालावर नव्हतीच.

मोर्ता तेवढी बसून होती.

"त्याच्या हातात चारच होती गं," ती म्हणाली. "मी इथून मोजली. गडबडीत एखादं गळून पडलं असेल, नाही?"

हो म्हटलं असतं तर भागलं असतं. मोर्ताने वाट मोकळी करून दिली होती.

"गळलं नाही," गेनोवाइते म्हणाली. "मी काढलं."