ओटीतली खुरमी

देवी माझ्यावर रुसली आहे, अशी त्या सकाळी माझी खात्रीच झाली होती. रायपूरच्या विमानतळावर धुकं उतरलं होतं. पुण्याचं विमान उशिरा सुटणार एवढं कळलं होतं, पण किती उशिरा ते कोणीच सांगत नव्हतं. संध्याकाळी पुण्यात माझ्या लेकीचं सातव्या महिन्याचं डोहाळजेवण होतं. पिशवीत खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी असं ओटीचं सगळं सामान होतं, फक्त नारळ नव्हता. देवीच्या पायांना लावून आणलेला नारळ मी मोठ्या शहाणपणाने हातातल्या पिशवीत ठेवला होता. तपासणीवरच्या मुलीने, नारियल अंदर जाणार नाही आंटी, असं सांगून तो बाजूला काढून ठेवला.

खरं दुखणं नारळाचं नव्हतंच. यजमान गेले त्याला वर्ष होत आलं होतं, आणि नवरा गेलेल्या बाईने ओटी भरू नये ही आमच्याकडची रीत. नणंदेने फोनवर जपूनच सांगितलं होतं, "वहिनी, तुम्ही या जरूर. ओटी मात्र मी भरीन." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. मी बरं म्हटलं, फोन ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी सदर बाजारात जाऊन खण घेऊन आले. हट्टच म्हणा. लेकीला दिवस राहावेत म्हणून इतकी वर्षं देवीपुढे पदर पसरला तो मी, आणि आता माझेच हात अशुभ? हे मी देवळात उभं राहून देवीला स्पष्ट विचारलं होतं. आता नारळ गेला, विमान अडकलं, तेव्हा वाटलं की हेच तिचं उत्तर असावं.

मग मी नुसती भटकत राहिले. तिथल्या कोसा रेशमाच्या साड्यांच्या दुकानात जाऊन एकही साडी न पाहता बाहेर आले. पुस्तकं उलटून पाहिली, पाणी प्यायले, काचेला नाक लावून धुकं पाहिलं, पुन्हा साड्यांपाशी आले. पहाऱ्यावरचा पोलीस माझ्याकडे निरखून पाहू लागला. या बाईचं काही हरवलंय असं त्याला वाटलं असणार. थांबले की रडू येईल एवढंच मला कळत होतं. शेवटी ठरवलं, आता घरी परत जायचं आणि लेकीला तब्येतीचं कारण सांगायचं.

तेवढ्यात खुर्चीवर बसलेल्या एका बाईने मला हाक मारली. "दीदी, अउ कतेक किंजरहू? बइठ जावव." आणखी किती फिराल, बसा आता. तिने इतक्या हक्काने म्हटलं की मी बसलेच. माझ्याच वयाची, रायपुरातल्याच गुढियारी भागातली होती. कपाळ माझ्यासारखंच मोकळं. नवऱ्याचं धान्याचं दुकान आता मुलगा पाहत होता. मांडीवर स्टीलचा डबा होता आणि तीही पुण्यालाच, लेकीकडे निघाली होती. छत्तीसगढी लोकांत सातव्या महिन्यात माहेरहून गोडधोड करून नेऊन लेकीला खाऊ घालतात, त्याला सधौरी म्हणतात. मी घाबरत विचारलं, तुमच्यात हे आपल्यासारख्या बाईच्या हातचं चालतं का? तिला माझा प्रश्नच आधी समजला नाही. समजला तेव्हा ती साधेपणाने म्हणाली, "मोर बेटी ला मैं नइ खवाहूँ, त कोन खवाही?"

माझ्या लेकीला मी नाही भरवणार तर कोण भरवणार. मी तिथेच रडले. तिने समजूत घातली नाही, फक्त माझ्या पाठीवर हात ठेवला. मग नारळाची हकिगत ऐकून तिने डबा उघडला, गूळ-कणकेच्या तळलेल्या खुरमीतली एक कागदात बांधून दिली आणि म्हणाली, नारळ नाही तर नाही, लेकीच्या ओटीत ही घाला. पुढे धुकं विरलं आणि विमान सुटलं. पुण्याला उतरल्यावर ती गर्दीत दिसली नाही. नाव विचारायचं राहूनच गेलं.

मी पोचले तेव्हा मुहूर्त केव्हाच टळला होता आणि बायका जेवून गेल्या होत्या. लेक मात्र हिरवी साडी नेसून तशीच चौरंगावर बसलेली, ओटी रिकामी. नणंद म्हणाली की हिने कोणालाच हात लावू दिला नाही. मी दारातच थबकले.

"काहून उभी हायेस आई?" लेक म्हणाली. "तुहीच वाट पाहून राहिली ना मी. भर."

मी नणंदेकडे पाहिलं. तिने डोळे पुसले आणि कुंकवाची कोयरी स्वतःच माझ्या हातात दिली. मी लेकीला कुंकू लावलं, तांदूळ घातले, खण घातला आणि नारळाच्या जागी ती खुरमी ठेवली.

विमान वेळेवर सुटलं असतं तर मी वेळेवर पोचले असते आणि कोपऱ्यात उभी राहून नणंदेला ओटी भरताना पाहिलं असतं. ज्याला मी देवीचा रुसवा समजत होते, त्यात तिने माझ्यासाठी काय काय मांडून ठेवलं होतं, हे मला उशिरा कळलं. तेव्हापासून मी तिला जाब विचारत नाही. जे पुढ्यात येतं ते तिच्याच हातचं म्हणून घेते. त्या रात्री निजण्याआधी देवीला हात जोडले, तर बोटांना कुंकू लागलेलं होतं. ते मी धुतलं नाही.