जुन्या मालकाची हवा

परवा शनिवारी सकाळी मी आमच्या मुकुंदवाडीच्या पार्किंगमध्ये हेल्मेट, बूट, पाठीवर पाण्याची सॅक अशा थाटात सायकलच्या पॅडलवर उभी होते... आणि सायकल जागच्या जागीच होती. मागून नवऱ्याने सीट धरलेली. तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "कुठं निघालात?" मी म्हटलं, "कुठंच नाही काकू, वजन करतेय."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने आभाळाकडे.

तर झालं असं... ही माउंटन बाईक गेल्या वर्षी नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एका साहेबांकडून आमच्याकडे आली. साहेब म्हणजे भारी धिप्पाड माणूस, सोफ्यावर बसले की शेजारी दुसऱ्याला जागा नाही. त्यांची बदली झाली आणि जाताना बजावून गेले, "पुढच्या शॉकचं सेटिंग एकदम परफेक्ट केलंय. हात लावू नका."

आमच्या घरात 'सेटिंग' हा शब्द कानावर पडला की विषय संपतो. फ्रिजचं बटण असो, गिझरचं असो... ज्याने लावलं त्याने लावलं, आपण बिघडवायचं नाही. मी ती सायकल रोज पुसली, चेनला तेल दिलं, पण पुढचं चाक धरून धक्के झेलणारा जो चिमटा, म्हणजेच तो शॉक, त्याच्यावरचं ते छोटं झाकण कधी उघडलं नाही. आत स्प्रिंग असेल असं मला वाटायचं. आत नुसती हवा असते, हे गावीही नव्हतं!

रविवारी आमचा बायकांचा ग्रुप बीड बायपासच्या पलीकडे सातारा डोंगरावर जातो. चढ मी कसाही काढायचे, पण उतारावर प्रत्येक दगड थेट मनगटात. बाकीच्या खिदळत खाली जायच्या आणि मी खाली उतरून सायकल हाताने धरत, तोंड पाडून मागून. घरी आल्यावर भाकरी थापायची म्हटलं तरी कळ यायची.

शेवटी ठरवलं... वय झालं, हाडं कच्ची, पुरे झाली हौस. गंगापूरच्या भाच्याला फोन केला, रविवारी ये आणि सायकल घेऊन जा. फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन रडले. हे नवऱ्याला आत्ता ही पोस्ट वाचून कळेल.

शनिवारी फरजाना आली, ग्रुपमधली माझी जिवाभावाची मैत्रीण. बुटीक चालवते, त्यामुळे जगातल्या सगळ्या गोष्टींकडे ती फिटिंग म्हणूनच बघते. आली होती सायकल देऊ नको म्हणून मला समजवायला, पण सहज हँडलवर जोर देऊन पाहिला आणि थांबलीच.

"वैशू, इसमें तू है ही नहीं. याच्यावर अजून साहेबच बसलेत, बाई!"

मग घरी जाऊन ती तिचा शॉकचा पंप घेऊन आली, हातभर लांब, वर काटा असलेला. मला म्हणाली, डोंगरावर जाताना जे जे घालतेस ते सगळं घालून ये, पाण्यासकट. म्हणून तो सगळा अवतार.

चिमट्याच्या चकचकीत नळीवर एक काळी रबरी रिंग असते. ती खालपर्यंत सरकवायची, अलगद पॅडलवर उभं राहायचं, अलगद उतरायचं... आपल्या वजनाने चिमटा किती दबला ते रिंग दाखवते. साधारण पाव भाग दबायला हवा. माझी रिंग जेमतेम नखभर सरकली होती. सायकलच्या लेखी वर कुणी बसलेलंच नव्हतं.

फरजानाने पंप जोडला आणि त्याचं बारकं बटण दाबलं. फुस्स...

"निघाले बघ साहेब," ती म्हणाली. आम्ही तिघंही हसलो, पण माझ्या अंगावर खरंच काटा आला. तो माणूस कधीचा दुसऱ्या गावी गेला, आणि त्याला तोलून धरायची हवा इथं माझ्या पार्किंगमध्ये तशीच ताठ उभी होती! एवढ्याशा नळीत कोंडलेली, ना रंग, ना वास... आणि एवढा मोठा देह पेलत होती.

थोडी हवा काढायची, चिमटा दाबून दाबून बघायचा, परत उभं राहायचं. "हिलू नको," फरजाना समोर उकिडवी बसून ओरडत होती. काकूंनी तोवर खुर्ची बाहेर आणून टाकली होती.

रिंग जागेवर आली, पण आता चिमटा दबला की आळसावून वर यायचा. तळाशी एक लाल बटण होतं, दबलेला चिमटा किती वेगाने वर यावा ते ठरवणारं; त्याच्या एका बाजूला ससा, दुसऱ्या बाजूला कासव. साहेबांची जास्त हवा जोरात उसळायची, तिला आवरायला कासव ठीक होतं. फरजानाने बटण सशाकडे फिरवलं.

तशाच निघालो डोंगरावर. तोच उतार, तेच दगड. माझे दात आपोआप आवळलेले... आणि धक्का आलाच नाही. खाली चाक दगडांवरून नाचत होतं आणि वर माझे हात शांत होते. मी खाली बघत होते आणि मला खरं वाटत नव्हतं. एक एक दगड यायचा, चिमटा तो गिळून टाकायचा आणि पुढच्यासाठी पुन्हा उभा.

तळाला पोहोचल्यावर मी वळून त्या उताराकडे बघत राहिले. फरजाना घाबरली, "क्या हुआ? लागलं का कुठं?" मी हसत दोन्ही मनगटं फिरवून दाखवली.

भाच्याला तिथूनच फोन लावला. म्हटलं, उद्या जेवायला नक्की ये, सायकल मात्र मिळायची नाही.

फरजाना, तुझे उपकार कसे मानू... वर्षभर मी दुसऱ्याच्या वजनाची हवा घेऊन डोंगर उतरत होते आणि बोल लावत होते स्वतःला. हाडं चांगली आहेत गं माझी.