कन्नड तक्त्याची शेवटची ओळ

मास्तरकीतून रिटायर झालो त्या साली आमचे दोनच बेत होते. हिच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढायचा आणि दसऱ्याला नागपूरला, दीक्षाभूमीवर जायचं. दीक्षा आम्ही गावातच घेतली होती, नागपूर काही पाहिलं नव्हतं. दर दसऱ्याला काहीतरी आडवं यायचंच. एकदा रजा मंजूर झाली तर मलाच हिवताप आला.

हिला डोळा एकच. उजवा लहानपणी देवीत गेलेला. डाव्यावर मोती धरायला लागल्यावर आम्ही बीदरला पोराकडं गेलो. सून म्हणाली, "मामा, शाळेत डोळ्यांचं शिबिर लागलंय, आत्याबाईंना घेऊन जावा."

गेलो. ही लांब रांग. दारातून समोरच्या भिंतीवरचा तक्ता दिसत होता, अक्षरं सगळी कन्नड. मी निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलो, मराठी शिकवून पोट भरलं आणि म्हैसूर सरकारनं मला कन्नडच्या परीक्षेला बसवलं. दुसऱ्या खेपेला पास झालो. एवढं शिकलेलं वाया कशाला घालवायचं म्हणून रांगेत उभ्या उभ्या मी हिला तक्ता मोठ्यानं वाचून दाखवला, वरून खाली, दोनदा. कोणी विचारलं नव्हतं.

हिला अक्षरओळख नाही. पण बुद्धवंदना, वस्तीतली सगळी गाणी, कोणाच्या लग्नात कोण काय बोललं, सगळं तोंडपाठ. कानावर पडलं की आत जाऊन बसतं.

आमची पाळी आली तेव्हा मला बाहेर थांबवलं. थोड्या वेळानं तक्त्याजवळचा माणूस बाहेर आला. "मास्तर, बाई चांगल्या शिकलेल्या दिसतात. शेवटची ओळसुद्धा वाचली. घाई नाही, पुढच्या वर्षी या."

खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला अभिमानच वाटला.

पुस्तक न बघता धडा घडाघडा म्हणणारी पोरं मी नोकरीभर पकडली. मधल्या एका शब्दावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, हं, वाच आता. इथं तर बोटही ठेवायला नको होतं. हिला कन्नड सोडा, मराठीही येत नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण ऑपरेशन झालं की दोन महिने प्रवास बंद, वाकणं बंद, म्हणजे यंदाचंही नागपूर गेलं. आणि मला जायचं होतं. मी "बरं" म्हणालो.

बसमध्ये हिनं विचारलं, "काय म्हणला वो त्यो?"

"डोळा चांगला हाय म्हणला."

"व्हय का," म्हणाली आणि पदर तोंडाला लावून खिडकीकडं वळली. मीही दुसरीकडं बघत बसलो.

दसऱ्याला तीन गाड्या बदलून नागपूर गाठलं. ज्वारीच्या भाकरी दुसऱ्या दिवशीच कडक झाल्या. मैदानात मुंगी शिरायला जागा नव्हती. "काय दिसायलंय?" मी विचारलं. "समदं पांढरं पांढरं दिसायलंय. लई झ्याक वाटायलंय बगा," ती म्हणाली. मूर्तीपुढं तिनं डोकं टेकलं ते उचलेचना. मागच्या बाया ओरडायला लागल्या, तेव्हा मी दंडाला धरून उठवलं. मी इतका खूश होतो की भाव न करता डझनभर संत्री घेतली. सगळी आंबट निघाली.

परतीच्या गाडीत हिचा डोळा लालभडक झाला. डोकं फुटायला लागलं, उलट्या झाल्या. स्टेशनातून सरळ बीदरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बॅटरीनं बराच वेळ बघितलं. मोती जास्त पिकला, आत दाब वाढला, नस गेली. आता काही दिसायचं नाही.

"एकच डोळा होता, कुठं दाखवला नव्हता का?" ते म्हणाले.

निरोप मिळाल्यावर धावत आलेली सून माझ्याकडं बघायला लागली. म्हणाली, "मामा, शिबिरात तर तुम्हीच नेलं होतं ना?"

"त्यायला कामून इचारायलीस?" ही खाटेवरून म्हणाली. "मीच फसवलं समद्यांला. ह्यांनी तक्ता वाचला, मी ऐकून ध्यानात ठिवला. नागपूर हुकलं असतं की गं. ह्यायला कायबी ठाव न्हवतं."

डॉक्टर माझ्याकडं वळले. "तुम्हाला खरंच ठाऊक नव्हतं?"

"न्हाई," मी म्हणालो.

तिनं चाचपडत माझा हात शोधला आणि थोपटला. "लई मनाला लावून घेऊ नगा," म्हणाली.