मे महिन्यात गार पडलेले पाय

तुमच्या आईने परवा फोनवर सांगितलं की शेजारच्या बाळासाठी भेट घ्यायला तुम्ही दोघं दुकानात गेलात आणि तिथेच भांडलात. एकाला पाळण्यावर फिरणारे प्राणी हवे होते, दुसरीला कापसाचा ससा. शेवटी आई म्हणाली, बाळाला खरं काय लागतं ते आजीला विचारा. धाकट्या, तू तिकडे परदेशातच जन्मलास, तुझ्यापाशी सगळं होतं. मोठे, तू माझ्याकडे जन्मलीस, म्हणून हे तुझ्याबद्दल आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तुझी आई सातव्या महिन्यात तिकडून गोंदियाजवळच्या कुडव्याला माझ्या घरी आली. तुझे बाबा सुट्टी साठवून नंतर येणार होते. तिने आणलेल्या दोन सुटकेसांपैकी मोठी सगळी तुझी होती. मी आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, घरात प्रत्येक वस्तूला जागा ठरलेली. मी पलंगावर चादर पसरून सुटकेस रिकामी केली आणि दोन ढीग लावू लागले, लागेल आणि लागणार नाही.

बाटल्या उकळायचं यंत्र. "माझ्याकडे पातेलं आहे."

"आई, ते आपोआप बंद होतं."

"मीही गॅस बंद करते."

पुसायचे ओले कागद कोमट ठेवायची डबी. मी नुसतं खिडकीबाहेर बघितलं. बाहेर मे महिना होता, कुडव्याच्या रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. तुझी आई हसायला लागली आणि डबी तिनेच दुसऱ्या ढिगात टाकली. मग पाळण्यावर लावायचा कॅमेरा निघाला. बाळ झोपलेलं असताना श्वास चालू आहे की नाही ते फोनवर दिसतं म्हणे.

"याच्यासाठी आई असते," मी म्हटलं.

"तू सगळ्या गोष्टी पेपर तपासल्यासारख्या तपासतेस," ती म्हणाली आणि कॅमेरा माझ्या हातातून काढून घेतला. पण ठेवायला जागा नव्हती, म्हणून तो शेवटी कपाटाच्या वरच्या फळीवर गेला, लागणार नाही त्या ढिगाबरोबर. खालच्या फळ्यांवर मी झबली, टोपडी, दुपटी, लंगोट लावले आणि प्रत्येक फळीवर चिठ्ठी चिकटवली. सुताराकडून पाळणा आणून खोलीत उभा केला.

पाळण्याचं तुझ्या दुसऱ्या आजीला कळलं. ती अर्जुनी मोरगावच्या पलीकडे एका खेड्यात राहते, घरी धानाची शेती आहे. तिचा फोन आला.

"बाई, जलमाच्या आधी पाळना कायले आनून ठेवला?"

"विहीणबाई, आपण बौद्ध. आपल्यात हे काही मानत नाहीत."

"मानत नाई जी. पन भेव तं वाटते." असं म्हणून तिने फोन ठेवला.

त्यानंतर आठवडाभरात तुझ्या आईला कळा सुरू झाल्या. गोंदियाच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तिचा रक्तदाब इतका वाढला की सरळ ऑपरेशनला घेतलं. तू फार आधी आलीस. नर्सने काचेच्या पेटीत तुला दाखवलं तेव्हा मला वाटलं, हिने चुकून दुसरंच काही दाखवलं. माझ्या कपाटातलं सर्वात लहान टोपडं तुझ्या तोंडावरून हनुवटीपर्यंत उतरलं असतं. नाकात नळी, पायाला तार. पेटीच्या गोल भोकातून मी बोट आत घातलं आणि तुझ्या तळव्याला लावलं. तळवा गार होता. बाहेर गोंदिया भाजत होतं, गाईगुरं सावली शोधत होती, आणि तुझे पाय गार.

दुसऱ्या दिवशी तुझी दुसरी आजी गाडीने आली. डोक्यावर गाठोडं, त्यात तांदूळ, जवस, डिंक. तिने पेटीकडे एकदाच बघितलं आणि भिंतीला टेकून खाली बसली.

"मी म्हनलं होतं ना. पाळना आला नं पोरगी घाई करून राहिली."

 मी शिकलेली बाई, रक्तदाब म्हणजे काय ते मला माहीत होतं. तरी त्या संध्याकाळी घरी जाऊन मी तो पाळणा उचलून अंगणात, घराबाहेर नेऊन ठेवला. कोणाला सांगितलं नाही.

तू नळीतून दूध घेत होतीस, पण वजन उतरतच होतं. रोज सकाळी काट्यावर ठेवायचे आणि नर्स आकडा वाचताना माझ्याकडे बघायची नाही. तुझ्या आईच्या टाक्यांत पू झाला, ताप चढला, तिला दुसऱ्या मजल्यावर ठेवलेलं. ती दूध पिळून वाटीत द्यायची, मी ती वाटी पदराखाली धरून जिना उतरायची. प्रत्येक वेळी तिचा एकच प्रश्न, "आज किती?" आणि मी खोटं बोलायची. वाढत्या आकड्याचं खोटं, तेही नीट लक्षात ठेवून, म्हणजे उद्याचं आजच्यापेक्षा थोडं जास्त.

मग बालरोगतज्ज्ञ, एक तरुण मुलगी, मला बाजूला घेऊन म्हणाली, "देखिये आजी, पेटीपेक्षा आता हिला माणसाचं अंग पाहिजे. छातीवर, कातडीला कातडी. आईला ताप आहे, तिला नाही देता येणार. घर में और कौन है?"

"आम्ही दोघी म्हाताऱ्या. बाप परदेशात, त्याला सुट्टी मिळेना."

"चलेगा. दिवसभर बसावं लागेल. आणि बांधायला एक लांब, मऊ, जुनं सुती कापड आणा."

मी रिक्षा करून घरी धावले. कपाट उघडलं. दुपटी नवी, कडक. साड्या सगळ्या इस्त्रीच्या, खळ दिलेल्या. जुनं काही नव्हतंच. साडी जरा विरली की मी बर्तनवालीला देऊन स्टीलचा डबा घेते, माझ्या ओट्यावर त्या डब्यांची रांग आहे. मी सगळे कप्पे उपसले, आयुष्यात पहिल्यांदा कपडे जमिनीवर फेकले. एवढ्या भरलेल्या घरात तुला बांधायला एक चिंधी नव्हती. शेवटी त्यातल्या त्यात मऊ साडी घेऊन परत गेले. नर्सने ती तुझ्या पाठीजवळ नेली आणि नाही म्हणून मान हलवली.

तुझी दुसरी आजी भिंतीशीच बसली होती. तिने गाठोड्यातले तांदूळ मी आणलेल्या साडीत ओतले आणि गाठोड्याचं फडकं झटकलं. तिच्या सासूचं लुगडं होतं ते, धुऊन धुऊन सायीसारखं झालेलं. नर्सने गरम पाण्यातून काढून ते इस्त्रीने सुकवलं.

"तुम्ही आधी घ्या," मी तिला म्हटलं.

"नाई बाई. मी हात नाई लावत. माया हातून काई झालं तं?" तिने दोन्ही हात पदरात गुंडाळले.

मग मी बसले. मी नेहमी पदराला पिना लावणारी बाई. पडद्यामागे ब्लाउजचे हुक काढले आणि नर्सने तुला माझ्या छातीवर उभं ठेवलं, बेडकासारखं पाय दुमडून, आणि वरून फडकं गुंडाळलं. तुझं वजन कळतच नव्हतं. ओल्या पानासारखी चिकटलेली फक्त एक जागा. मी हलायला घाबरले. श्वास घ्यायलाही घाबरले, आणि नर्स ओरडली, "आजी, तुम्ही तरी श्वास घ्या!"

दुपारी माझी पाठ ताठली, हात सुन्न झाला. तुझ्या दुसऱ्या आजीने बघितलं आणि लुगड्याचा पदर खाली घेतला. तेव्हापासून आम्ही आलटून पालटून बसू लागलो. दोघी विहिणी, एका पडद्यामागे, अर्ध्या उघड्या.

"तुमच्या लेकीच्या लग्नात तुम्ही मले पाटावर बसवून पाय धुतले होते," ती एकदा म्हणाली. "आता पाहा, कशी बसवली."

मला हसू आलं. छाती हलली तशी तू कुरकुरलीस, आणि आम्ही दोघी एकदम गप्प झालो.

मग ती दुपार. तू माझ्यावर होतीस. तुझी दुसरी आजी वाटी धुवायला गेली होती. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय ते लगेच कळलं नाही. छातीवरची ती बारीक हालचाल थांबली होती. मी खाली बघितलं, तुझे ओठ जांभळे. माझ्या तोंडून आवाज निघेना. मी वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारी बाई, आणि माझा आवाज निघेना. तेवढ्यात ती परत आली. तिने माझा चेहरा बघितला, वाटी टाकली आणि "धावा वो, पोरगी गेली!" असं ओरडली की सगळा मजला धावला. नर्सने फडक्याखालून तुझे तळवे जोरजोराने चोळले, पाठ चोळली. मी तुझ्या पाठीवर पंजा ठेवून नुसती वाट बघत होते. मनात पाळणा येत होता, अंगणातला. मी तो जाळून टाकीन असं मी कोणाला तरी कबूल करत होते, कोणाला ते माहीत नाही.

पंजाखाली तुझी पाठ वर आली. मग खाली. मग पुन्हा वर.

"ऐसा होता है इन बच्चों में," डॉक्टर म्हणाली. "लक्ष ठेवा." तिने तू वाचशील असं म्हटलं नाही. 

त्यानंतर मी डोळे मिटलेच नाहीत म्हणायला हरकत नाही. एक दिवस नर्सने आकडा वाचला आणि माझ्याकडे बघितलं. फार वाढलं नव्हतं, पण उतरलं नव्हतं. मी जिना चढून तुझ्या आईला खरा आकडा सांगितला. तो मी आदल्या दिवशी सांगितलेल्या खोट्या आकड्यापेक्षा बराच कमी होता. तिने काही क्षण हिशोब केला, मग माझा हात धरून रडली. ताप उतरल्यावर ती खाली आली आणि तू तिच्या अंगावर गेलीस. तू चिकटायचीस त्या जागी माझी छाती घामाने ओली होती, तिथे एकदम गार लागलं.

तू आणि तुझी आई घरी आलात तेव्हा कपाटातलं बहुतेक सामान तुला मोठं होतं. तुझी दुसरी आजी धानाच्या रोपांसाठी पऱ्हे टाकायला गावी परतली, फडकं मागितलं नाही. पाळणा अंगणातच राहिला, मी जाळला नाही आणि आतही आणला नाही. तू तुझ्या आईच्या आणि माझ्या मधे झोपायचीस. मी सारखी उठून तुझ्या पाठीवर पंजा ठेवायची. तू जाड झालीस, तुझ्या मांडीला वळ्या पडल्या, तरी ठेवायचीच. तुझी आई म्हणायची, "आई, ती ठीक आहे." मी म्हणायची, "हो," आणि ठेवायची.

मग तुझे बाबा तुम्हाला न्यायला आले. सुटकेस मीच भरली. कपाटाच्या वरच्या फळीवरून कॅमेरा काढला, मऊ कपड्यांत गुंडाळला, आणि सगळ्यात वर ठेवला. तुझ्या आईने बघितलं. तिने माझा फोन मागितला आणि तिकडच्या पाळण्यातली तू त्यात कशी दिसशील ते मला शिकवलं.

तेव्हा शेजारच्या बाळाला काय हवं ते मला विचारू नका. त्याच्या आजीला विचारा, ती कुठे राहते ते. माझ्यासारखी लांब असली तर कॅमेरा घ्या.